हलकं काम

थप्पीची फळी सरकली
तेव्हा मानेवर तुरीचा कट्टा होता, अकरावा थर,
आणि आवाज एकच झाला, कट.
वाटलं, फळी मोडली.
फळी शाबूत होती.

सात आठवडे पत्रे मोजले.
एकोणीस. चौथ्याला भोक.
दुपारी त्यातून रुपयाएवढं ऊन उतरायचं,
माझ्या पोटावरून चालत चालत
दारापर्यंत जायचं.
मला तेवढंबी जमत नव्हतं.

औसा रोडला टायरच्या दुकानावर
गुरुवारी संभाजीनगरहून डॉक्टरीण येते, शिरीन काझी.
अठरा पायऱ्या.
पाठीचा दवाखाना वरच्या मजल्यावर कामून,
हे अजून विचारायचं राहिलंय.

मी म्हणलं, बाई, आमच्याकडं उसण भरली की
पायाळू माणसाची लाथ घेतात कंबरेत.
ती म्हणाली, मीबी पायाळूच आहे,
पण आधी फोटो बघू द्या.
फोटो उजेडाला धरला. लई वेळ.
अंगठ्याला टाचणी लावून विचारलं, कळतंय?
त्या दिवशी पाठीला हात लावलाच नाही.
एकेक मणका नुसता पेनानं दाखवला.
मी जन्मभर मण मोजले,
मणके कधी मोजले नव्हते.

तिसऱ्या गुरुवारी तिनं कुशीवर वळवलं,
तळवा टेकवला, म्हणाली, श्वास सोडा.
कट.
तोच आवाज.
मी ओरडलो. खालचा टायरवाला जिन्यात आला.
मग लक्षात आलं, दुखलं नव्हतं.
ओरडणं जुनं होतं, त्या दिवशी राहून गेलेलं.

आवाजाला भुलू नका, ती म्हणाली,
भिऊबी नका. तो नुसता वारा असतोय सांध्यातला.
मी चार आणे करते, बारा आणे तुमचे.

बारा आणे म्हणजे
रिकामा बारदाना उचलायचा. गुडघ्यातून.
दिवसाला दोनशे कट्टे चढवलेला मी
अंगणात रिकामा बारदाना उचलतोय
आणि पोरगी मोजतीय, बाबा, नऊ. बाबा, दहा.
शेजारची म्हातारी तोंडाला पदर लावून बघत होती.
मग किराणावाल्याची मापं आणली. दोन किलो. पाच.
दहाला एकदा कळ आली, परत पाचावर.
पोरीनं कॅलेंडरवर तसंच लिहून ठेवलं, खाडाखोड न करता.

मग चिठ्ठी. हलकं काम, सहा आठवडे.
इस्माईल मुकादमानं ती दोनदा वाचली,
उलटी करून बघितली.
मन्मथ, मिलात हलकं काय असतंय रं?
इथं चुनीबी कट्ट्यातच भरतात.
शेवटी निवडणाऱ्या बायकांच्या रांगेत बसवलं.
हमाल पोरं हसली. हसू दे.

अकरा वाजेस्तोवर कंबर लाकूड झाली.
चिठ्ठीत लिहिल्यासारखा अर्ध्या तासानं उठलो,
भिंतीला टाचा लावून उभा राहिलो.
चौतराबाई सूप थांबवून बघत होती.
म्हणली, हे हलकं आहे, हे कुणी लिहिलं?
बावीस वरसं बसलेय मी या हलक्यात.
आणि उठली. आधी एक हात जमिनीवर,
मग गुडघ्यावर, मग भिंतीवर,
तरी अंग पुरतं सरळ झालंच नाही.
तिला कधी काही पडलं नव्हतं,
कुठली फळी सरकली नव्हती.
तिच्या दुखण्याला तारीखच नव्हती, चिठ्ठी कशावर मिळणार?

गेल्या सोमवारी मी तीस किलो उचलले.
पन्नासाला अजून हात लावला नाही.
मुकादम विचारत नाही, मीबी सांगत नाही.

काल गुरुवार. अठरा पायऱ्या.
नवव्या पायरीवर चौतराबाई थांबली,
म्हणली, तू हो पुढं.
मी कसला पुढं होतोय.
तिच्या खालच्या पायरीवर उभा राहिलो,
पडली तर धरायला, आणि मलाबी जरा टेकायला.
खाली टायरवाल्यानं नळी उपसली,
मोठ्यानं फस्स झालं.
ती दचकली. मोडतात का रं वर?
नाय, मी म्हणलं. नुसता वारा.